एक बॅच, दोन तुकडे आणि फुगलेला झेडटी: चाल्कोपायराइटचे एक प्रकरण

इंदूरमधल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातले हे प्रकरण आहे. काम होते चाल्कोपायराइटची थर्मोइलेक्ट्रिक कामगिरी वाढवण्याचे. तांबे, लोह आणि गंधक १:१:२ या प्रमाणात असलेल्या या सल्फाइडमध्ये तांब्याच्या जागी थोडे इंडियम घालायचे आणि उष्णतेपासून वीज करण्याची त्याची ताकद वाढते का ते पाहायचे. पहिल्याच आलेखात वाढ दिसली. चांगली घसघशीत दिसली. पुढे तपासणीत तिचा मोठा भाग खोटा निघाला, आणि तरीही सीबेक (तापमानाच्या फरकाने निर्माण होणारा व्होल्टेज), रोध (विजेला होणारा अडथळा), विसरण (उष्णता पसरण्याचा वेग) यांपैकी एकही वाचन चुकलेले नव्हते. चूक वाचने एकमेकांना जोडताना झाली होती. सल्फाइडवर काम करणाऱ्या लहान प्रयोगशाळांत हे वारंवार घडते, म्हणून तपशिलात लिहितो आहोत.

हाताशी असलेली सामग्री साधी होती. पीआयडी कंट्रोलरची (तापमान आपोआप राखणाऱ्या नियंत्रकाची) मफल भट्टी, रोटरी पंप, आर्गॉनचा सिलिंडर, १५ टनी हायड्रॉलिक प्रेस आणि विभागातच जुळवलेला सीबेक-रोध मोजण्याचा संच. त्याचे के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी) आणि एसएसआर (हीटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जेल रोडवरून आणलेले. उष्णता पसरण्याचा वेग मोजणारे लेसर फ्लॅश यंत्र नव्हते, त्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागे. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पदार्थाची प्रकृती

थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाची प्रत झेडटी या आकड्याने मोजतात. सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान, भागिले ऊष्मावाहकता. यातल्या पहिल्या दोघांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टर म्हणतात. चाल्कोपायराइटची वरची बाजू वाईट नाही. जस्त मिसळलेल्या नमुन्यांत पॉवर फॅक्टर खोलीच्या तापमानाजवळ १ मिलिवॅट प्रति मीटर केल्विन वर्गाच्या घरात जातो. गोची खालच्या बाजूला आहे. हिऱ्यासारखी चौकोनी जाळी, प्रत्येक अणूला चार शेजारी, हलके गंधक आणि ताठ सहसंयुजी बंध, त्यामुळे जाळीतून उष्णता सरळ वाहते. शुद्ध, घट्ट नमुन्याची ऊष्मावाहकता खोलीच्या तापमानाला ६ ते ८ वॅट प्रति मीटर केल्विन भरते. बिस्मथ टेल्युराइडची दीडच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा.

यात इलेक्ट्रॉनांचा वाटा किती, हे एकदा हाताने काढून पाहावेच. ६०० केल्विनला सीबेक उणे २५० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आणि विद्युतवाहकता १०,००० सीमेन्स प्रति मीटर धरली, तर लोरेंझ आकडा (विद्युतवाहकतेवरून इलेक्ट्रॉनांची ऊष्मावाहकता काढण्याचा गुणक) सुमारे १.६२ × १०⁻⁸ येतो आणि इलेक्ट्रॉनांनी वाहिलेली उष्णता जेमतेम ०.१ वॅट प्रति मीटर केल्विन. बाकी सगळी जाळीची. म्हणजे या पदार्थात वाहकांची (वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची) संख्या वर-खाली करत बसण्यापेक्षा जाळी बिघडवण्याला जास्त फळ आहे. २०१३ मध्ये जस्तमिश्रित चाल्कोपायराइटचा झेडटी ४०० केल्विनला ०.०७ च्या आसपास नोंदला गेला. गंधक किंचित कमी ठेवलेल्या नमुन्यांनी ५७३ केल्विनला ०.२१ गाठला. इंडियम घातलेल्यांनी ७२० केल्विनच्या आसपास सुमारे ०.३६. याच घराण्यातल्या तांबे-गॅलियम-टेल्युराइडने २०१२ मध्ये ९५० केल्विनला १.४ दाखवला होता, पण त्यात टेल्युरियम आले, जे महाग आणि दुर्मीळ. तांबे-लोह-गंधकाचे सारे आकर्षण स्वस्ताईत आहे.

स्वस्ताईच्या या ओढीने सुरुवातीला एक सूचना आली होती की धातू विकत घेऊन पदार्थ बनवण्याऐवजी मलाजखंडचे खनिजच का वापरू नये? बालाघाट जिल्ह्यातली ती खाण मध्य प्रदेशातलीच, आणि तिथले मुख्य ताम्रखनिज चाल्कोपायराइटच. पण शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये वजनाने ३४.६ टक्के तांबे असते. खाणीतून निघणाऱ्या सांद्रात (दळून, माती-दगड वेगळे केलेल्या खनिजात) ते त्याहून बरेच कमी भरते, कारण सोबत पायराइट आणि गारगोटी येते. मिश्रणाचा परिणाम तपासायचा तर मूळ पदार्थ नियंत्रणात हवा. सूचना बाजूला ठेवली गेली, ते बरे झाले.

वजने आणि भट्टी

१० ग्रॅमच्या साध्या बॅचला तांबे ३.४६२८, लोह ३.०४३१ आणि गंधक ३.४९४१ ग्रॅम. इंडियमने तांब्याची ४ टक्के जागा घेतलेल्या १० ग्रॅमच्या बॅचला तांबे ३.२८७५, इंडियम ०.२४७५, लोह ३.००९५ आणि गंधक ३.४५५५ ग्रॅम. चौथ्या दशांशापर्यंत वजन करण्याचा हट्ट उगाच नाही. गंधक १ टक्क्याने कमी पडले तरी वाहकांची संख्या बदलते आणि मग दिसलेला फरक इंडियमचा की गंधकाचा, हे सांगता येत नाही.

लोहाची भुकटी हा सगळ्यात बेभरवशाचा घटक. बाटली उघडून महिना झालेली भुकटी वरून राखाडीच दिसते, पण तिच्यावर ऑक्साइडची साय असते. हायड्रोजनमिश्रित आर्गॉनमध्ये ४०० अंश सेल्सियसला दोन तास ठेवून ती काढावी आणि लगेच वापरावी. इंडियम मऊ असते, पात्याने कापता येते. त्याचे लहान तुकडे तांब्याच्या भुकटीत पुरावेत म्हणजे ते काचेला चिकटत नाही.

क्वार्ट्झची नळी आतून १४ मिलिमीटर, भिंत दीड मिलिमीटर, तळ निमुळता. आतून कार्बनचा थर हवाच. नळीत अॅसिटोनचे काही थेंब टाकून ज्योतीवर फिरवले की काळा चकचकीत मुलामा बसतो. तो नसेल तर वितळलेले सल्फाइड क्वार्ट्झला धरते आणि थंड होताना नळी तडकते. आर्गॉनने तीनदा धुऊन, पंप चालू ठेवून, एलपीजी-ऑक्सिजनच्या ज्योतीने मान बंद करायची. ती करताना खालचे टोक ओल्या फडक्यात गुंडाळावे, नाहीतर गंधक वर चढून नेमके सांध्यात बसते आणि सांधा कच्चा राहतो.

गंधक ४४४.६ अंशांना उकळते. त्याच्या वर मोकळे गंधक शिल्लक असेल तर नळीतला दाब झपाट्याने चढतो. म्हणून मिनिटाला अर्धा अंश या चालीने ४५० पर्यंत जायचे आणि तिथे २४ तास थांबायचे. नळीचे वरचे टोक भट्टीच्या तोंडाकडे, थोडे थंड राहील असे ठेवावे. २४ तासांनी त्या टोकाला पिवळे थेंब दिसत असतील तर तापमान वाढवायचे नाही, आणखी थांबायचे. काच स्वच्छ दिसली की मग १०५० अंश, १२ तास, आणि नंतर हळू उतरत ५०० अंशांवर पाच दिवस. शेवटचा मुक्काम घाईत कापला जातो, तो कापू नये. साधारण ५५७ अंशांच्या वर चाल्कोपायराइटची नेहमीची चतुष्कोनी रचना टिकत नाही आणि थोडे गंधक सुटते. परत नीट रचना यायची तर त्याच्या खाली वेळ द्यावा लागतो.

पावसाळ्यात वीज जाते-येते. बऱ्याच स्वस्त पीआयडी कंट्रोलरांची खोड अशी की वीज आल्यावर ते कार्यक्रमाच्या पहिल्या पायरीपासून सुरू न होता थेट शेवटच्या तापमानाकडे पूर्ण जोराने धावतात. ३०० अंशांवर वीज गेली, दहा मिनिटांनी आली, आणि निम्मे गंधक मोकळे असताना भट्टी हजाराकडे निघाली, की नळी फुटणे ठरलेले. कंट्रोलरच्या मेनूत वीज परतल्यावर थांबून राहण्याची सोय असते. ती चालू आहे ना, हे नळी आत ठेवण्याआधी बघावे. भट्टी धूर ओढणाऱ्या पंख्याखालीच असावी.

निघालेला गड्डा पितळी-सोनेरी दिसतो. पहिली परीक्षा लोहचुंबकाची. चाल्कोपायराइट प्रतिलोहचुंबकी आहे (त्यातल्या अणूंची चुंबकत्वे एकमेकांना रद्द करतात), ८२३ केल्विनपर्यंत, त्यामुळे त्याची भुकटी निओडिमियम चुंबकाला चिकटत नाही. चिकटली तर लोह किंवा मॅग्नेटाइट उरले आहे. एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहण्याच्या चाचणीत) मुख्य शिखर तांब्याच्या किरणांनी २९.४ अंशांजवळ येते. लोह या किरणांनी स्वतः चमकते आणि पार्श्वभूमी उंच उठवते, म्हणून सावकाश मोजावे, नाहीतर दोन टक्क्यांची अशुद्धी त्या गवतात लपून जाते.

आलेख आणि शंका

आता मूळ भानगड. सीबेक आणि रोध मोजायला लांबट दांडी लागते. ती गड्ड्यातून कापली गेली. गड्डा वितळून थिजलेला, त्यामुळे घट्ट. लेसर फ्लॅशला १२ मिलिमीटरची चकती लागते आणि उरलेल्या गड्ड्यात तेवढा अखंड तुकडा नव्हता. म्हणून उरलेला भाग दळून, प्रेसमध्ये थंडच दाबून, बंद नळीत ५०० अंशांना भाजून चकती केली आणि ती बाहेर पाठवली. आकडे आले, झेडटी काढला, आलेख उभा राहिला.

विभागातल्या बैठकीत मार्गदर्शकांनी चकतीचे वजन विचारले.

"सर, दोन्ही एकाच बॅचचे आहेत," विद्यार्थिनी म्हणाली.

"बॅच एक, पण तुकडे दोन ना? वजन सांगा."

चकती १२ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची. घनफळ ०.२२६ घन सेंटिमीटर. वजन ०.७४ ग्रॅम. जाळीच्या मापांवरून चाल्कोपायराइटची पूर्ण घनता ४.१८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर निघते, म्हणजे चकती ०.९५ ग्रॅमच्या जवळ भरायला हवी होती. ती ७८ टक्केच घट्ट होती. उरलेले २२ टक्के म्हणजे नुसती भोके.

भोकांचा परिणाम किती, याचे मॅक्सवेलचे सूत्र सोपे आहे. घट्ट भागाचा अंश भागिले एक अधिक भोकांचा निम्मा अंश. भोकांचा अंश ०.२२ असेल तर ०.७८ भागिले १.११, म्हणजे वाहकता ०.७० पटीवर येते. ३० टक्के घट, आणि तीत इंडियमचा हात शून्य. समजा घट्ट पदार्थाची ६०० केल्विनला ऊष्मावाहकता २.४ आहे आणि पॉवर फॅक्टर ०.६२५ मिलिवॅट. खरा झेडटी ०.१५६. तीच ऊष्मावाहकता सच्छिद्र चकतीवर १.६९ दिसते आणि घट्ट दांडीच्या पॉवर फॅक्टरशी जोडली की झेडटी ०.२२ होतो. काहीही न सुधारता ४२ टक्के वाढ!

भोके विजेलाही तितकीच अडवतात. दांडीही त्याच चकतीतून काढली असती तर विद्युतवाहकताही तेवढीच घटली असती आणि झेडटी जागेवर राहिला असता. प्रत्यक्षात तो खाली आला असता, कारण कण जिथे एकमेकांना टेकतात त्या अरुंद मानेवरच ऑक्साइड बसलेला असतो आणि तो विजेला उष्णतेपेक्षा जास्त नडतो. सच्छिद्रता हा झेडटी वाढवण्याचा मार्ग म्हणून अधूनमधून पुढे केला जातो. या पदार्थात तरी आम्हाला त्यात तथ्य दिसत नाही.

उलट दिशेची चूकही याच ठिकाणी होते. लेसर फ्लॅश यंत्र ऊष्मावाहकता देत नाही, विसरणाचा वेग देते. त्याला विशिष्ट उष्मा आणि घनतेने गुणावे लागते. चाल्कोपायराइटचा विशिष्ट उष्मा ड्यूलाँग-पेटिटच्या नियमाने ०.५४४ ज्यूल प्रति ग्रॅम केल्विन. घनता मात्र त्या चकतीचीच, ३.२७, धरायची. कोणी पुस्तकातली ४.१८ घातली तर उत्तर २८ टक्के फुगते. त्यामुळे बाहेरून आलेल्या अहवालात कोणती घनता वापरली आहे, हे विचारल्याशिवाय आकडा स्वीकारू नये.

पुन्हा, गरम दाबून

उपाय एकच: घट्ट गोळा करायचा आणि दांडी व चकती दोन्ही त्यातूनच काढायच्या. ग्राफाइटचा साचा, आतला व्यास १२.७ मिलिमीटर, भिंतीला ग्राफाइटचा पातळ कागद. दाब ६० मेगापास्कल, म्हणजे या व्यासाला ७.६ किलोन्यूटन, ढोबळ मानाने ७७५ किलोचा भार. तापमान ५५० अंश, आर्गॉन, एक तास. थंड होऊ लागण्याआधी भार काढायचा. भार तसाच ठेवून थंड केले तर गोळ्यात आडव्या चिरा पडतात, थर सुटल्यासारखा गोळा चकत्यांनी उकलतो.

तापमानाचा मोह इथे नडतो. ६०० अंशांना घट्टपणा लवकर येतो खरा, पण गंधक सुटते. ओळखायला यंत्र लागत नाही. साच्यातून काढलेल्या गोळ्याच्या कडेला मोराच्या पिसासारखी निळी-जांभळी कड दिसते आणि कोरड्या कागदावर घासली तर सोनेरी भागाहून ती गडद ओरखडा उमटवते. ती कड तांबेबहुल, बोर्नाइटच्या जातीची. गंधक गेले की इलेक्ट्रॉन वाढतात, विद्युतवाहकता चढते, सीबेक उतरतो. हा बदल थोडा असेल तर फायद्याचाही असतो, गंधक कमी ठेवलेले नमुने त्यावरच चालतात. पण तो ठरवून केलेला असावा, साच्याने परस्पर केलेला नव्हे. थर्मोकपल साच्याच्या भिंतीत असते आणि आतला गोळा काही अंशांनी वेगळा असतो, हेही ध्यानात घ्यावे.

दळण्याची वेळही महत्त्वाची. दमट हवेत उघडी ठेवलेली सल्फाइडची भुकटी पृष्ठभागावर सल्फेट धरते. गरम दाबताना ते फुटते, सल्फर डायऑक्साइडचा झणझणीत वास येतो आणि मागे ऑक्साइड राहतो. जुलै-ऑगस्टच्या इंदुरात दळलेली भुकटी त्याच दिवशी साच्यात गेली पाहिजे, नाहीतर आर्गॉनमध्ये बंद.

८ ग्रॅम भुकटीचा गोळा सुमारे पावणेसोळा मिलिमीटर उंच येतो. वरून दोन मिलिमीटरची चकती कापायची, उरलेल्या भागातून ३ × ३ × ११ मिलिमीटरची दांडी उभी, म्हणजे दाबाच्या दिशेने काढायची. चकतीतून उष्णता जाडीच्या दिशेने जाते, दांडीतून वीज लांबीच्या दिशेने. अशा कापणीत दोन्ही दिशा एकच होतात. दांडी आडवी कापली तर घनता बरोबर असूनही दिशेचा फरक शिरतो. घनता दोन्ही तुकड्यांची वेगळी काढावी, गोळ्याची वरची बाजू आणि मधला भाग सारखे घट्ट असतीलच असे नाही.

नव्या गोळ्यांची घनता ९६ टक्क्यांच्या घरात आली. त्या घनतेला मॅक्सवेलची दुरुस्ती ६ टक्क्यांची, म्हणजे सहज सोसण्याजोगी. साधा आणि इंडियमचा, दोन्ही गोळे एकाच साच्यात, एकाच कार्यक्रमाने केले. इंडियमने ऊष्मावाहकता उतरते हे या जोडीतही दिसले, फक्त पहिल्या आलेखाइतकी नव्हे. उतरण खोलीच्या तापमानाला जास्त ठळक, वर गेल्यावर कमी. तसेच असायला हवे: गरम जाळीत कंपने आपापसांतच इतकी धडकतात की परक्या अणूंचा अडथळा त्यात मुरून जातो. भोकांमुळे आलेली घट मात्र सगळ्या तापमानांना साधारण एकाच पटीने येते. घट कुठल्या जातीची हे वक्राच्या आकारावरून ओळखता येते, आणि पहिल्या आलेखातही ती खूण होती.

संपर्क, आणि इंडियम नेमके कुठे बसते

सीबेक-रोधाच्या संचात एक सवय मोडावी लागली. ऑक्साइडवर काम करणारे सर्रास चांदीची पेस्ट लावतात. सल्फाइडवर ती चालत नाही. २०० अंशांच्या पुढे चांदी गंधक ओढून घेते, संपर्काखाली सिल्व्हर सल्फाइडचा काळा डाग पडतो आणि त्या जागचे चाल्कोपायराइट वेगळेच होऊन बसते. रोध चढत्या फेरीत एक, उतरत्या फेरीत दुसरा. तांब्याच्या ठोकळ्यांचीही तीच गत. दाबून धरलेले प्लॅटिनमचे टोक किंवा मध्ये ग्राफाइटचा कागद, एवढे पुरते. चढती आणि उतरती फेरी एकमेकींवर बसली नाही तर त्या नमुन्याचा झेडटी काढूच नये. ६५० केल्विनच्या वर निर्वातात फेरी लांबवली तर गंधक उडून संपर्क चांगले असूनही वक्र सरकतो.

इंडियम तांब्याच्या जागी बसते असे धरून वजने केली, पण ते बसलेच हे एक्सआरडीने सिद्ध होत नाही. शिखरे किंचित सरकतात, इतकेच. इंदूरमधल्याच आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या २.५ जीईव्हीच्या इंडस-२ या क्ष-किरण स्रोतावर ईएक्सएएफएसची (अणूभोवतीच्या शेजाऱ्यांची अंतरे मोजण्याच्या पद्धतीची) सोय आहे, तेव्हा इंडियमभोवतीचे बंध थेट बघू, असा विचार पुढे आला. तो कागदावरच अडला. त्या किरणवाहिनीची मजल २५ केईव्हीपर्यंत आणि इंडियमची के-कडा (तो अणू ज्या ऊर्जेला क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतो ती) २७.९ ला. तांब्याची ८.९८ आणि लोहाची ७.११ ला, ती सहज मिळते. तेव्हा इंडियमऐवजी त्याचे शेजारी बघायचे, तांबे आणि लोह यांच्याभोवती गंधकाचे अंतर किती विस्कटले ते मोजायचे, असा अर्ज करणे शहाणपणाचे. जस्त घातले तर त्याची कडा ९.६६ ला येते आणि प्रश्नच मिटतो.

जस्ताकडे वळण्याचे दुसरे कारण पैशाचे. १० ग्रॅममागे पाव ग्रॅम इंडियम म्हणजे वजनाने अडीच टक्के, पण धातूंच्या खर्चात सिंहाचा वाटा त्याचाच. स्वस्त पदार्थ म्हणून चाल्कोपायराइट निवडायचे आणि त्यात इंडियम ओतायचे, यात थोडी विसंगती आहे. जस्त स्वस्त, पण ते थोड्या टक्क्यांपुरतेच विरघळते. पुढे झिंक सल्फाइडचे बारीक कण वेगळे होतात. ते कण नॅनो आकारात राहिले तर उष्णतेला अडवतात, वाढले तर नुसती जागा खातात. जस्त ९०७ अंशांना उकळत असल्याने ४५० अंशांवरचा पहिला मुक्काम त्याच्यासाठी आणखी लांबवावा लागतो.

या सगळ्याचा उपयोग किती, याचा हिशेबही मांडलेला बरा. गरम बाजू ६०० केल्विन, थंड बाजू ३२०, आणि सरासरी झेडटी ०.२ धरला, तर आदर्श कार्यक्षमता २.७ टक्के येते. इंदूरजवळच्या पिठमपूर या औद्योगिक गावातल्या एखाद्या भट्टीच्या धुरांड्यावर लावायचे म्हटले तर संपर्कांचा रोध त्यातला बराच भाग खाईल, आणि चाल्कोपायराइट एन-प्रकारचे (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारे) असल्याने जोडीला पी-प्रकारचा (धन वाहकांनी वीज वाहणारा) पाय वेगळा लागेल. टेट्राहेड्राइट त्याला बरा जोडीदार आहे, तेही तांब्याचेच सल्फाइड. दोघांनाही चांदी आणि तांब्याचे संपर्क वर्ज्य असल्याने गरम बाजूच्या पट्टीवर आधी रोधक थर द्यावा लागेल, आणि तो ६०० केल्विनला महिनोन्महिने टिकतो का, याची चाचणी नव्या मिश्रणांच्या आधी लावलेली बरी.